शंका रद्द

४ मार्च

ताई,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. नऊ वर्षं एक ओळ न धाडणारा भाऊ एकदम साष्टांग घालतो म्हणजे काहीतरी मागायला आलाय, हे शेंबडं पोरही ओळखेल. तू तर दगडाच्या पोटातलं ओळखणारी. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मागायलाच आलोय.

तुझे दगडांचे काप टाकून देणार आहेत.

आपल्या भूशास्त्र विभागाला प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्यात. तुझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, चालतात भराभर आणि बोलतात त्याहून भराभर. त्यांना तळमजल्यावरची लांबट खोली नव्या यंत्रासाठी हवी आहे, आणि त्या खोलीत तुझी अकरा कपाटं आहेत. चार हजार तीनशे काचपट्ट्या, प्रत्येकीवर लाव्हाचा एकेक काप, त्यातला एकूण एक माझ्या हातचा. मॅडमनी यादी चाळली, तुझ्या नावापाशी बोट थांबलं आणि म्हणाल्या, "ह्या त्याच ना, घासायच्या पुडीला खनिज समजलेल्या? मग बाकीच्या नोंदींवर तरी कोण विसंबणार?" मी कोपऱ्यात उभा होतो. घसा खाकरला, तेवढंच.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. त्याच दिवशी मीही निवृत्त होतोय, म्हणजे काप आणि काप करणारा एकाच गाडीत जायचे. निरोप समारंभाची तयारी चाललीय. 'विभागाचा सर्वांत विश्वासू हात' असं मानपत्रावर छापणार आहेत म्हणे.

तू फक्त एक कर. कुठले काप राहायलाच हवेत त्याची यादी पाठव. शंभर वाचले तरी खूप. आणि एक किरकोळ गोष्ट. त्या लाव्हाचा, म्हणजे ज्यावरून सगळं झालं त्याचा, उरलेला अर्धा दगड सतरा नंबरच्या ट्रेमध्ये नाही. जागा रिकामी आहे. तुला काही ठाऊक असेल तर कळव.

'लोभ असावा' असं लिहायची माझी प्राज्ञा नाही. पत्ता तोच जुना आहे.

घाशा
(हे नाव तूच ठेवलंस. अजून सगळे तेच म्हणतात.)


११ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मान वर होते.

यादी मीच करायला घेतली. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून चौथं कपाट उघडलं, पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली लावला, आणि यादी तिथंच राहिली. तीस वर्षं मी हे काप केले, पण बघायचो ते एवढंच, की जाडी बरोबर आहे ना. शिंप्यानं सदरा कुणी घातलाय ते न बघता टाके मोजावेत, तसा प्रकार.

साध्या प्रकाशात तो काप मळकट करडा, फरशी पुसल्यावर बादलीत पाणी उरतं तसा. मग वरची, प्रकाश गाळणारी पट्टी आत सरकवली. ताई, काय सांगू. ऑलिव्हीन खनिजाचे दाणे निळे, गुलाबी, हिरवे होऊन उठले. मध्ये लाव्हा झटकन थिजून झालेल्या काचेचा मात्र मिट्ट काळोख. खालची गोल तबकडी फिरवली तर फेल्डस्पार खनिजाच्या पट्ट्यांतली काळी पांढरी झाली, पांढरी काळी. जेवायची सुट्टी संपल्याची घंटा झाली ती मला ऐकूच आली नाही.

पुढच्या कापात बारीक काड्यांसारखे फेल्डस्पार सगळे एकाच बाजूला निजलेले, आणि मध्ये एक मोठा स्फटिक आला की त्याला वळसा घालून पुढे गेलेले. तुझ्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'वाहता वाहता थिजला. गर्दी शिस्तीची आहे.' मी एकटाच हसलो. चार हजार तीनशे काप, चार हजार तीनशे कार्डं, आणि एकाही कार्डावर तू आळस केलेला नाहीस.

मला माझा पहिला दिवस आठवला. परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली तेव्हा आई तुला म्हणाली होती, "याच्या डोक्यात दगडच आहेत, तर याला दगडांतच घाल." तू मला कापघरात आणलंस. चकती कापायची, पुडी आणि पाणी टाकून काचेवर घासायची, धुवायची, राळेनं पट्टीवर चिकटवायची, मग दुसऱ्या बाजूनं घासत राहायचं, दगड केसाच्या निम्म्याहून पातळ होईपर्यंत. "फेल्डस्पार पिवळा दिसतोय तोवर घास. राखाडी झाला की थांब. एक हात जास्त पडला तर खालची काचच उरेल." पहिल्या महिन्यात मी तीन दगड पार नाहीसे केले. तिसऱ्याला तू म्हणालीस, "हा लाव्हा कोट्यवधी वर्षं टिकला. तुझ्यापुढे दहा मिनिटं नाही टिकला." पण रागावली नाहीस. चौथा दगड हातात दिलास.

आणि तो वलयांचा फेल्डस्पार आठवतो? झाडाच्या बुंध्यासारखी वलयं, आणि आतल्या बाजूला कोपरे खाल्लेले. तू वाचून दाखवलंस, "इथं खोल जमिनीत निवांत वाढत होता. इथं खालून नवा तापलेला शिलारस आला, त्यात याचे कोपरे विरघळले. त्यानंतर बघ, वरून पुन्हा स्वच्छ वलय चढलंय." मी म्हणालो, "बिचारा." तू म्हणालीस, "दगडाला माणूस करू नकोस. आधी नीट बघ, मग बोल."

इतकं नीट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. घरच्या माणसाचं कौतुक करायची आपल्याकडे कुणालाच सवय नव्हती.

घाशा


१७ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. 'टाकू देत. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही हे ठरून गेलंय. मी नऊ वर्षांत साधं भिंगही हातात धरलेलं नाही. तू त्रास घेऊ नकोस.'

मला वाटत होतं तुझा माझ्यावर राग आहे. राग असता तर बरं होतं. रागाशी भांडता येतं. तू तर त्या दिवशी चौकशी समितीपुढं जे म्हणालीस, तेच धरून बसलीयस. त्यांनी मला विचारलं, "काप धुतले होते?" मी म्हणालो, "नेहमीप्रमाणे." तू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतीस. माझ्याकडे बघितलंस, मग खाली बघून म्हणालीस, "म्हणजे चूक डोळ्यांची आहे. माझ्या." आठवड्यात राजीनामा दिलास आणि गाव सोडलंस. आई गेली त्या वेळी भेटलो तेव्हा दोघं खोलीच्या दोन टोकांना बसलो होतो.

आता जे लिहितोय ते मी याआधी कुणालाही सांगितलेलं नाही. ते काप मी धुतले नव्हते.

तो लाव्हा बुडबुड्यांच्या भोकांचा होता. असा दगड आला की मला कपाळशूळ उठायचा, हे तुला माहीत आहे. घासताना पुडीचे कण भोकाभोकांत जाऊन बसतात. चिकटवायच्या आधी प्रत्येक चकती थरथरत्या टबात ठेवून, वर ब्रश आणि सुईनं तासभर साफ करावी लागते. टब त्या आठवड्यात बंद होता. तीन चकत्या, हातानं तीन तास. आणि मला तीन वाजता निघायचं होतं. कशासाठी, ते सांगायची आजही लाज वाटते. विभागांमधल्या टेबल टेनिसची अंतिम फेरी होती. मी तिन्ही चकत्या नळाखाली धरल्या, झटकल्या आणि चिकटवून टाकल्या. फेरी हरलो, तेही सरळ गेममध्ये.

मग तुला त्या भोकांत निळसर, टोकदार कण दिसले. यंत्रावर तपासलंस तर निसर्गात क्वचितच सापडणारं एक खनिज निघालं. आणि आपली घासायची पुडी म्हणजे कारखान्यात पोत्यांनी बनणारा तोच पदार्थ. इथंच तर घोडं पेंड खात होतं. कण दगडातला की पुडीतला, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. तू कापघराच्या दारात येऊन विचारलंस, "धुतलेस ना रे?" मी चिडून म्हणालो, "मला विचारतेस?" तू हसून म्हणालीस, "चुकलंच माझं," आणि गेलीस. तुझा लेख छापून आला, बाहेरच्यांनी ते कण पुडीचे ठरवले आणि समिती बसली.

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. मी उलटा प्रश्न विचारला होता, एवढंच. माणूस स्वतःला किती सवलती देतो.

पण ताई, एक बोलू? छापायची तूही जरा घाईच केलीस, असं मला नेहमी वाटत आलंय. दुसऱ्या कुणाकडून चौथा काप करून घेतला असतास तर भोकं रिकामी निघाली असती आणि सगळं तिथंच मिटलं असतं.

घाशा


२४ मार्च

ताई,

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद फाडून टाक. तू घाई केली नव्हतीस, हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे. लेखी ठाऊक आहे.

तू गेल्यावर तुझं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडेच आलं. खणात त्या तीन कापांचं कार्ड होतं. मी ते वाचलं, खिशात घातलं आणि कापघरात सहाशे नंबरच्या पुडीच्या डब्यात तळाशी ठेवलं. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकून माझी बोटं आखडली.

तुझेच शब्द तुला परत पाठवतोय. 'कणांच्या कडा ताज्या तुटलेल्या. भोकाच्या भिंतीला धरून वाढलेले नाहीत, सुटे पडलेले. पुडीची शंका. विचारलं. धुतलेत म्हणतो. शंका रद्द.'

'शंका रद्द'च्या खाली तू दोन रेघा ओढल्यायस.

तुझ्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, ताई. कडा पाहिल्या, सुटे कण पाहिले, पुडी ओळखली. तुझा डोळा एका कणानंही चुकला नाही. त्या डोळ्यापेक्षा तू माझा शब्द मोठा मानलास, चूक झाली ती एवढीच, आणि ती डोळ्यांची चूक नव्हे. हे मी समितीला एका वाक्यात सांगू शकलो असतो. नोकरी जाईल म्हणून भ्यायलो असं म्हणावं तर तेही खरं नाही. नोकरी गेली नसती. फार तर ओरडा बसला असता. मला फक्त तो 'विश्वासू हात' सोडवत नव्हता. परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाकडे तेवढीच एक गोष्ट होती, आणि तीही तू दिलेली.

परवा हिला सांगितलं. ती म्हणाली, "नऊ वर्षं मी कुणाच्या शेजारी झोपत होते?" आज सकाळी चहाचा कप आपटून म्हणाली, "पत्रं पुरे झाली. जा आणि तिथं सांगा."

गेलो. कार्ड मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि जे तुला लिहिलं ते सगळं बोललो, टेबल टेनिससकट. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्ही सात दिवसांनी निवृत्त होताय. हे न सांगता गेला असता तर?"

"आठव्या दिवशी मला कुणी काही विचारलं नसतं," मी म्हणालो.

"मग?"

"पण काप सातव्याच दिवशी गेले असते."

त्या उठल्या. म्हणाल्या, "दाखवा मला." मी त्यांना तळमजल्यावर नेलं, तो वलयांचा फेल्डस्पार लावून दिला, शेजारी तुझं कार्ड ठेवलं. मग तो वाहता वाहता थिजलेला. मग स्वतःच एकेक काढून बघायला लागल्या. तासभर ह्या भराभर चालणाऱ्या बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी डोळे चोळत म्हणाल्या, "या बाई आहेत तरी कुठं? आणि बघत का नाहीत आता?"

मी म्हणालो, "माझ्यामुळं."

घाशा


३१ मार्च

ताई,

आधी निकाल सांगतो. कपाटं राहणार. अकराच्या अकरा. यंत्राला पहिल्या मजल्यावर जागा निघाली. इतके दिवस ती कुणाला दिसत कशी नव्हती ते विचारू नये. तुझ्या त्या जुन्या लेखाबद्दल समिती एक खुलासा छापणार आहे, त्यात कार्डाचा फोटो असेल. खाली माझी सही.

माझा निरोप समारंभ रद्द झाला. मानपत्र छापून झालं होतं, ते कुठल्यातरी कपाटाखाली पाय समतल करायला कामी येईल. त्या वर्षी मी केलेल्या सगळ्या भोकांच्या दगडांच्या पेट्यांवर मॅडमनी लाल चिठ्ठ्या लावल्यात, 'पुन्हा तपासावे'. छप्पन्न पेट्या. त्यांच्यासमोरून जाताना मान खाली जाते, पण चिठ्ठ्या योग्यच आहेत. मीच त्यांना पेट्यांचे नंबर काढून दिले.

आता दुसरं. काल तुझं पार्सल आलं.

वर जाड टॉवेल, त्याच्या आत वर्तमानपत्र आणि त्याच्या आत तो अर्धा दगड. सतरा नंबरच्या ट्रेमधला. एका अंगाला करवतीची खूण, माझीच, जराशी तिरकी. दुसऱ्या अंगावर रंगाचे ओरखडे आहेत. नऊ वर्षं दार उघडं राहावं म्हणून खाली लावत होतीस ना? हिनं ओरखडे बघून लगेच ओळखलं. चिठ्ठी टॉवेलच्या घडीत होती म्हणून आधी सापडली नाही, आणि तेवढा वेळ मी दगड मांडीवर घेऊन नुसता बसलो होतो.

'काप कर. धुतलास का, हे मी विचारणार नाही.'

मी ही चिठ्ठी किती वेळा वाचली ते लिहीत नाही.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी आठला कापघर उघडलं. एकच चकती कापली. घासायला बसलो आणि दगडाचा ओळखीचा आवाज लागला. फेल्डस्पार पिवळा होता, फिकट झाला, राखाडी झाला. थांबलो. दुपारी दोनला काप तयार होता. आधी तुझ्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, मग लावला.

भोकं रिकामी आहेत, ताई. सगळी. मी एकेक फिरून पाहिलं. आत निळं काही नाही, टोकदार काही नाही, नुसती स्वच्छ राळ. इतकी सुंदर रिकामी जागा मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आणि डाव्या बाजूला, दोन भोकांच्या मध्ये, एक मोठा फेल्डस्पार आहे. आतले कोपरे खाल्लेले. त्यावर अख्खं वलय, कुठंही न तुटलेलं. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. नीट बघायचं काम तुझं.

काप पाठवत नाही, टपालात काच फुटेल. तो सूक्ष्मदर्शकावरच लावून ठेवलाय. मॅडमनी खुर्चीवर चिठ्ठी डकवलीय, 'या जागी बसू नये'. कार्डावर मी फक्त क्रमांक घातलाय, बाकी कोरं आहे. पेन्सिलीला टोक करून शेजारी ठेवलंय. उद्यापासून माझा तिथला हक्क संपला, पण तू येणार असलीस तर मॅडम मला फाटकातून आत सोडतील, तेवढं बोलून ठेवलंय.

तू विचारणार नाहीस म्हणालीस. तरी सांगतो. एकाच चकतीला तीन तास लागले. धुतलाय.

तुझा
घाशा